डावा खांदा, उजवी नोंद

प्रश्न : मी ४७ वर्षांची असून न्यू जर्सीत राहते. काम दिवसभर संगणकावरचे आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये जवळच्या फार्मसीत एकाच वेळी दोन लसी घेतल्या, फ्लूची डाव्या दंडावर आणि कोविडची उजव्या. डाव्या बाजूची सुई फार वर, खांद्याच्या अगदी कडेला टोचली असे तेव्हाच वाटले होते. त्याच रात्री डाव्या कुशीवर झोपता येईना. ‘दोन दिवस दुखेल’ असे सांगितले होते, म्हणून सात आठवडे अंगावर काढले. पुढे एमआरआयमध्ये खांद्यातल्या पिशवीला सूज दिसली आणि डॉक्टरांनी फ्रोझन शोल्डरचे निदान केले. कॉर्टिसोनचे एक इंजेक्शन आणि फिजिओथेरपीच्या वीसेक खेपा झाल्या, तरी आज अकरा महिन्यांनंतरही वेणी घालायला हात मागे जात नाही. आता फार्मसीकडून नोंद मागवली, तर तिच्यात फ्लूची लस उजव्या हाताला आणि कोविडची डाव्या हाताला दिल्याचे लिहिले आहे. फार्मसीवर खटला भरता येईल का? तीन वर्षांपूर्वी माझी मान दुखत होती, ते सांगावे की नाही? पती म्हणतात की सगळे वकिलाच्या फीतच जाईल आणि वर नाव चव्हाट्यावर येईल. – एक वाचक

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही ‘आता नोंद मागवली, तर’ अशा सहज शब्दांत जाता जाता लिहून टाकली आहे. मी उत्तराची सुरुवात तिथूनच करतो. सुई किती वर टोचली आणि चूक कोणाची, यापेक्षा कोणती लस कोणत्या हाताला दिली हा प्रश्न तुमच्या बाबतीत निर्णायक आहे, आणि त्याला चिकटलेली एक मुदत काही आठवड्यांतच संपत आहे.

लसीमुळे झालेल्या इजेची भरपाई मागण्याची अमेरिकेत दोन दारे आहेत आणि ती एकमेकांत उघडत नाहीत. पहिले दार म्हणजे राष्ट्रीय लस-इजा भरपाई योजना. १९८६ च्या कायद्याने ती निर्माण झाली, १ ऑक्टोबर १९८८ पासून ती चालू आहे आणि वकील मंडळी तिला व्हीआयसीपी म्हणतात. फ्लू, धनुर्वात, कावीळ-ब, गोवर अशा नेहमीच्या बहुतेक लसी तिच्यात येतात. दुसरे दार सीआयसीपी या नावाचे आहे. ते साथीच्या आणि आणीबाणीच्या काळात वापरायच्या औषधांसाठी व लसींसाठी उघडलेले आहे, आणि कोविडची लस आजही त्याच दाराने जाते. दोन्हींचा कारभार फेडरल सरकारच्या आरोग्य खात्याकडेच असला, तरी मागणाऱ्याच्या दृष्टीने त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या योजनेत प्रकरण न्यायालयापुढे चालते, वेदनांचीही भरपाई मिळते, वकिलाची फी योजना देते आणि पहिले लक्षण दिसल्यापासून तीन वर्षांपर्यंत याचिका दाखल करता येते. दुसरीत न्यायालय नाही, खात्यातले अधिकारीच कागद पाहून निर्णय देतात. विम्याने न भरलेला औषधोपचाराचा खर्च आणि बुडालेला पगार एवढ्याचाच विचार होतो, वेदनांसाठी काही मिळत नाही, वकिलाची फी स्वतःच्या खिशातून जाते, आणि मुदत लस घेतल्याच्या दिवसापासून फक्त एक वर्षाची आहे. कोविडच्या लसींबाबत या योजनेकडे १० हजारांहून अधिक दावे आले आणि त्यांतल्या अगदी मोजक्यांनाच भरपाई मिळाली, हे सांगितले म्हणजे त्या दाराची रुंदी ध्यानात येईल.

आता तुमचा पेच पाहा. तुमची आठवण खरी धरली, तर डाव्या खांद्याची इजा फ्लूच्या लसीची ठरते आणि तुम्ही पहिल्या दारापुढे उभ्या आहात, तेही ऑक्टोबर २०२७ पर्यंतचा वेळ हाताशी ठेवून. फार्मसीची नोंद खरी धरली, तर तोच खांदा कोविडच्या लसीच्या खात्यात जातो, आणि ते दार या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे हे उत्तर तुम्ही वाचत असताना जेमतेम महिन्याभरात बंद होईल. खांदा तोच, एमआरआय तोच, वेदना त्याच. दोन्हींतला फरक एका चौकोनातल्या एका शब्दाचा आहे.

माझा कल तुमच्या आठवणीवर विश्वास ठेवण्याकडे आहे, आणि तो केवळ सहानुभूतीपोटी नाही. अशा नोंदी कशा होतात हे पाहिले म्हणजे त्यांचे वजन कळते. फार्मसीतला अर्ज बहुतेक वेळा सुई टोचण्याआधीच पडद्यावर भरला जातो, हाताचा चौकोन यादीतून निवडायचा असतो, काही ठिकाणी तो आधीच भरलेला येतो. दोन लसी एकाखाली एक नोंदवून झालेल्या असतात आणि मग रुग्ण खुर्चीत बसून जी बाही आधी वर करील त्या हाताला पहिली सुई मिळते. पडद्यावर मागे जाऊन दुरुस्ती करण्याइतका वेळ रांग लागलेली असताना कोणाला असतो? या योजनेतले प्रकरण ऐकणारे न्यायाधिकारी, ज्यांना स्पेशल मास्टर म्हणतात, त्यांच्यापुढे ‘हात कोणता’ हा वाद इतक्यांदा आला आहे की लस कोठे टोचली याविषयीच्या नोंदी पुष्कळदा चुकीच्या असतात, असे त्यांनी आपल्या निर्णयांतून वेळोवेळी नमूद केले आहे. अशा वेळी नंतरच्या वैद्यकीय कागदांत रुग्णाने सातत्याने काय सांगितले याला ते महत्त्व देतात. म्हणून ती नोंद हाती पडली म्हणजे सगळे संपले, असे समजू नका.

मात्र नोंद खोडायची तर दुसरा कागद हवा. तुम्ही पत्रासोबत बहिणीला पाठवलेल्या व्हॉट्सॲप निरोपाचा स्क्रीनशॉट जोडला आहे आणि ‘हे मराठीत आहे, त्यामुळे उपयोगाचे नसेल’ असेही लिहिले आहे. तो निरोप असा : ‘अगं, काल फ्लूचं डाव्या हाताला घेतलं नि कोविडचं उजव्या. उजवा ठीक आहे, डावा वरच जात नाहीये, ब्लाऊजची हुकं यांना लावायला सांगितली.’ खरे सांगायचे तर तुमच्या सगळ्या फाइलीत याहून मोलाचा कागद मला दिसला नाही. त्यात लस, हात आणि दुखणे सुरू झाल्याची वेळ या तिन्ही गोष्टी दुसऱ्याच दिवशी, दाव्याचा विचारही मनात नसताना लिहिल्या गेल्या आहेत. तो फोनमधून पुसू नका, तारीख-वेळ दिसेल असा जतन करा आणि त्याचे नीट इंग्रजी भाषांतर करून घ्या. तुमच्या यजमानांनी त्या दिवसांत हुका लावून दिल्या असतील, तर त्यांचे शपथपत्रही उपयोगी पडेल. फिजिओथेरपिस्टकडे पहिल्या दिवशी भरलेला अर्जही मागवून घ्या, कारण ‘दुखणे कशामुळे सुरू झाले’ या प्रश्नापुढे तुम्ही स्वतःच्या हाताने काय लिहिले ते त्यात असेल.

फार्मसीकडून आधी सध्याच्या नोंदीची पूर्ण प्रत, लसीचा लॉट क्रमांक आणि तुमच्या सहीचे संमतिपत्र यांसह, लेखी मागवा. त्यानंतर नोंदीत दुरुस्तीची विनंती करण्याचा तुम्हाला अधिकार आहे. ती त्यांनी नाकारली, तर तुमचे म्हणणे नोंदीला जोडून ठेवण्याची मागणी करता येते. ही पत्रे साध्या, सभ्य भाषेत लिहा. ‘तुमच्या माणसाने चुकीच्या जागी सुई टोचली’ असे आरोप त्यांत नकोत, हात चुकीचा नोंदला गेला आहे एवढेच पुरे.

आणि सीआयसीपीचे काय? तिथे केवळ खबरदारी म्हणून मुदतीत अर्ज टाकून ठेवावा का, हा प्रश्न या आठवड्यातच वकिलापुढे ठेवा. एकीकडे मुदत गेली की ते दार कायमचे मिटते. दुसरीकडे ‘माझा डावा खांदा कोविडच्या लसीने दुखावला’ असे सहीनिशी एका कार्यालयात म्हणायचे आणि ‘फ्लूच्या लसीने दुखावला’ असे दुसरीकडे शपथेवर सांगायचे, यातली विसंगती प्रतिपक्षाला आयती मिळते. अर्जाची भाषा नीट बेतली, तर हा प्रश्न सोडवता येण्यासारखा आहे, पण ते काम स्वतः घरबसल्या करण्यातले नाही. सरकारच्या व्हेअर्स या नोंदप्रणालीत तुम्ही तक्रार नोंदवली असेल किंवा नोंदवणार असाल, तर तेही चांगलेच आहे. मात्र ती नोंद म्हणजे भरपाईचा दावा नव्हे आणि तिच्यामुळे कोणतीही मुदत थांबत नाही. ‘मी तर तेव्हाच कळवले होते’ म्हणत कितीतरी लोक मुदत घालवून बसतात.

आता पहिल्या दारातून आत गेल्यावर काय लागते ते पाहू. तुमच्या दुखण्याला तिथे ‘सिर्व्हा’ म्हणतात, म्हणजे लस टोचण्याच्या क्रियेतून झालेली खांद्याची इजा. दंडाच्या जाड स्नायूत जायची सुई फार वर टोचली गेली, तर ती स्नायूखालच्या, हाडाच्या कठड्याजवळच्या पातळ पिशवीत किंवा तिथल्या स्नायुबंधांत उतरते. लसीतला जो अंश शरीराची प्रतिकारशक्ती चेतवण्यासाठीच बनवलेला असतो तो नेमका तिथे सोडला जातो आणि सांध्याभोवती दाह पेटतो, अशी त्याची उपपत्ती मांडली जाते. २०१० साली १३ रुग्णांची माहिती एकत्र करून हे नाव वैद्यकीय नियतकालिकात मांडले गेले, आणि २१ मार्च २०१७ पासून ही इजा योजनेच्या अधिकृत तक्त्यात आली. (दोष टोचण्याच्या जागेचा असतो, त्यामुळे यापुढे लस घ्यायचीच नाही असा अर्थ यातून काढू नका. पुढची लस कोणत्या हाताला आणि कशी घ्यावी हे डॉक्टरांशी बोलून ठरवा.)

तक्त्यात असण्याचा फायदा मोठा आहे. ठरलेल्या चार अटी पुऱ्या झाल्या की इजा लसीमुळेच झाली असे कायदा गृहीत धरतो आणि ‘कशावरून?’ हे सिद्ध करण्याचा भार तुमच्या डोक्यावरून उतरतो. दुखणे लस घेतल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू झालेले असावे. वेदना आणि हालचालीतली अडचण ज्या खांद्याला लस दिली त्याच खांद्यापुरती मर्यादित असावी. लक्षणांचा उलगडा करील असे त्या खांद्याचे आधीचे दुखणे नसावे. आणि मज्जातंतू दबण्यासारखे दुसरे कारणही नसावे. यांखेरीज दुखण्याचा परिणाम सहा महिन्यांहून अधिक काळ टिकलेला असणे आवश्यक असते. तुमच्या बाबतीत ही शेवटची गोष्ट तर स्पष्टच आहे.

अडचण आहे ती ४८ तासांच्या अटीत, आणि ती तुमच्या पहिल्या डॉक्टरभेटीने निर्माण केली आहे. तुम्ही सात आठवड्यांनी गेलात आणि त्या दिवशीच्या टिपणात ‘डाव्या खांद्यात सुमारे दोन महिने वेदना, इजा नाही’ असे लिहिले आहे. यातले ‘इजा नाही’ म्हणजे पडणे-झडणे, मार लागणे नाही, असे डॉक्टरांना म्हणायचे असणार. पण सरकारचा वकील ते शब्द वेगळ्या स्वरात वाचून दाखवील, आणि सात आठवडे थांबलात म्हणजे दुखणे तेवढे नव्हतेच, असेही म्हणेल. उपचाराला उशीर झाला म्हणून प्रकरण पडते असे नाही. ‘दोन दिवस दुखेल’ असे सांगितल्यामुळे लोक थांबतात हे स्पेशल मास्टरांना ठाऊक आहे. तरीही दाखल्यांची साखळी जोडावी लागते, आणि तिथे तुमचा तो दुसऱ्या दिवशीचा निरोप पुन्हा कामी येतो. जुने टिपण बदलून मागण्याच्या फंदात मात्र पडू नका. दाव्याचा विचार सुरू झाल्यावर बदललेला वैद्यकीय कागद मूळ कागदापेक्षा अधिक संशय निर्माण करतो.

मानेच्या दुखण्याविषयी तुम्ही ‘सांगावे की नाही’ असे विचारले आहे. सांगावे, आणि स्वतःहून सांगावे. लसीच्या आधीच्या सुमारे तीन वर्षांचे वैद्यकीय कागद याचिकेसोबत मागितले जातात, त्यामुळे ते दुखणे समोर येणारच आहे. मान दुखणे म्हणजे खांद्याचे जुने दुखणे नव्हे. प्रश्न एवढाच की मानेतला मज्जातंतू दबल्यामुळे आजच्या वेदना होत नसाव्यात. हाताला मुंग्या येणे, बोटे बधिर होणे, वेदना मानेतून खाली उतरणे अशी लक्षणे तुमच्या कागदांत मला आढळली नाहीत, आणि एमआरआयमधली सूज खांद्यातच आहे. तुमच्या अस्थितज्ज्ञांनी तपासून तेवढे स्पष्टपणे टिपणात लिहिले, तर या मुद्द्यातली हवाच निघून जाईल. लपवलेली मान मात्र तुमच्या प्रत्येक वाक्याची किंमत कमी करील.

फार्मसीवर थेट खटला भरण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा. योजनेत येणाऱ्या लसीबाबत १,००० डॉलरहून अधिक भरपाई हवी असेल, तर लस देणाऱ्यावर किंवा बनवणाऱ्यावर दिवाणी दावा करण्याआधी व्हीआयसीपीतच याचिका करावी लागते. तिचा निकाल न पटल्यास तो नाकारून पुढे जाण्याची मोकळीक राहते, पण तशी वेळ क्वचितच येते. तुम्हाला फार्मसीला धडा शिकवायचा असेल, तर ही योजना निराशा करील. इथे प्रतिवादी म्हणून आरोग्य खात्याच्या मंत्र्यांचे नाव असते, सुई टोचणाऱ्या व्यक्तीला कोणी बोलावत नाही आणि तिचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याची गरजच नसते. हीच गोष्ट तुमच्या फायद्याचीही आहे, कारण हलगर्जी सिद्ध करणे हे अशा दाव्यांतले सर्वांत खर्चिक काम असते.

यजमानांची फीबद्दलची शंका रास्त आहे, पण इथे ती लागू पडत नाही. वकिलाची वाजवी फी आणि खर्च योजनेच्या निधीतून, तुमच्या भरपाईला हात न लावता, वेगळे दिले जातात. याचिका प्रामाणिकपणे आणि सबळ आधारावर केलेली असेल, तर ती फेटाळली गेली तरीही फी मिळू शकते. तुमच्या रकमेतून टक्केवारी घेण्यास वकिलाला कायद्याने मनाई आहे. कोणी तशी टक्केवारी मागितली, तर नमस्कार करून उठा. निधी कुठून येतो म्हणाल, तर योजनेतल्या प्रत्येक लसीवर, ती ज्या ज्या आजाराला अडवते त्या प्रत्येकामागे ७५ सेंट इतका कर बसतो. फ्लूच्या लसीवर ७५ सेंट, गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीवर २.२५ डॉलर. याचिका वॉशिंग्टनच्या ‘कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्स’मध्ये दाखल होते, तिचे शुल्क ४०० डॉलरच्या आसपास आहे, आणि वकील न्यू जर्सीतलाच असावा असे बंधन नाही. या कामातले वकील निवडण्यासाठी न्यायालयाची स्वतःची यादी आहे, तिच्यातून दोघा-तिघांशी बोला. ‘सिर्व्हाची, विशेषतः हाताबद्दलच्या वादाची किती प्रकरणे तुम्ही चालवली?’ एवढा एक प्रश्न विचारलात तरी पुरे. व्हिसावर असणे-नसणे तुम्ही लिहिलेले नाही. लस अमेरिकेत घेतली असली की पुरते, नागरिकत्वाची अट नाही.

किती मिळेल, याचा आकडा मी देणार नाही. वेदनांसाठीची कमाल मर्यादा २,५०,००० डॉलर आहे, पण खांद्याच्या प्रकरणांत ती सहसा गाठली जात नाही. शस्त्रक्रिया झालेली असेल, तर रक्कम पुष्कळदा एक लाखाच्या पुढे जाते आणि शस्त्रक्रियेविना निभावलेल्या प्रकरणांत ती त्याखाली राहते. बुडालेला पगार आणि विम्याने न भरलेला खर्च वेगळा. वेदनांची किंमत ठरवताना दुखणे किती तीव्र होते, किती काळ टिकले आणि उपचार किती करावे लागले ते पाहिले जाते. म्हणून शपथपत्रात ‘असह्य त्रास झाला’ असे लिहिण्याऐवजी वेणीचे लिहा, रात्री कूस बदलताना जाग येण्याचे लिहा, कोणत्या महिन्यात कोणते काम सोडावे लागले ते लिहा. आणि फिजिओथेरपीच्या उरलेल्या खेपा अर्धवट टाकू नका. उपचारांत मोठा खंड दिसला की दुखणे बरे झाले होते असा अर्थ काढला जातो. सगळे मिळून दोन-तीन वर्षे सहज लागतात, तेवढी मनाची तयारी ठेवा.

आणखी एक. २०२१ च्या जानेवारीत ही इजा तक्त्यातून काढून टाकण्याचा नियम प्रसिद्ध झाला होता आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये तो मागे घेतला गेला. तक्ता बदलला, तर त्यानंतर दाखल होणाऱ्या याचिकांना नवा तक्ता लागू होतो. तुमच्या हाती २०२७ पर्यंतचा वेळ दिसतो खरा, पण तो सगळा वापरावा असे मला वाटत नाही.

नाव चव्हाट्यावर येण्याबद्दल : याचिका आणि जोडलेले वैद्यकीय कागद लोकांसाठी खुले नसतात, पण निर्णय न्यायालयाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होतो आणि त्यात याचिकाकर्त्याचे नाव व आजाराचा तपशील येतो. निर्णय मिळाल्यापासून १४ दिवसांत खासगी तपशील वगळण्याची किंवा पूर्ण नावाऐवजी आद्याक्षरे ठेवण्याची विनंती करता येते. ती मान्य होईलच असे नाही, म्हणून ही विनंती करायची आहे असे वकिलाला पहिल्याच भेटीत सांगून ठेवा.